राखेतलं लोहचुंबक

मे महिन्यात घरी, रत्नागिरीला, गेले होते तेव्हाची गोष्ट. भाच्याला कुठल्याशा फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक मिळालं होतं. काळी, जड, मधोमध भोक असलेली चकती. भोकात सुतळी ओवून तो ती मांडवीच्या वाळूतून ओढत फिरायचा आणि दिवेलागणीला अंगणात यायचा तेव्हा चकतीला दाढी फुटलेली असायची. समुद्राच्या काळ्या वाळूची दाढी, टोकं उभारलेली, हात लावला की मऊ. ती तो कागदावर निपटून काढायचा आणि काड्यापेटीत भरून ठेवायचा. अशा तीन पेट्या भरल्या होत्या. मग एका संध्याकाळी चकती हरवली. माळ्यावर, विहिरीच्या कठड्यावर, पडवीतल्या आंब्यांच्या अढीत, सगळीकडे शोधून झालं. सकाळी आई न्हाणीच्या चुलीतली राख काढायला बसली तेव्हा पत्र्याच्या सुपडीत काहीतरी ठणकन वाजलं. चकती सोडणांच्या टोपलीत राहिली होती. आदल्या संध्याकाळी सोडणांबरोबर ती चुलीत ढकलली गेली आणि करवंट्यांच्या निखाऱ्यात पडून राहिली.

भाच्याने ती चड्डीला पुसली, काड्यापेटीवर धरली. वाळू हलली नाही. खिडकीच्या गजाला लावली, सुटून त्याच्याच पायावर पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. मग माझ्याकडे आला. मी ओटीवर चहा घेत बसले होते. "मावशी, ह्यातलं चुंबक गेलं?"

"गेलं रे. मेलं ते. आता नुसतं खापर. टाकून दे."

तो काही बोलला नाही. चकतीकडे बघत राहिला आणि मागच्या दाराने वाडीत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मी मुंबईला निघाले. गाडी भोके स्टेशन सोडून कारबुडेच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा काळोख, डब्यात गार, ओलसर वास, आणि शेजारच्या बाईचं फोनवरचं बोलणं मधेच तुटलेलं. मी पाण्याची बाटली काढायला बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला तर हाताला कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. बोगदा संपून उजेड आला तेव्हा कागद उलगडला. चौकटीच्या वहीचं पान, आत ती चकती, अजून कडेला राख चिकटलेली. पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "मावशी मशीनमध्ये बघ."

माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी केलेलं निदान त्याने मान्य केलं नव्हतं, आणि त्याचं बरोबर होतं. मी सांगितलं ते चूक होतं, आणि इतर कुणी सांगितलं असतं तर चाललं असतं, मी सांगायला नको होतं. कारण लोहचुंबकाचं चुंबकपण गेल्यासारखं दिसतं तेव्हा आत काय असतं, हेच बघण्यात माझी अकरा वर्षं गेली आहेत.

मी काय करते हे घरी कुणाला नीट सांगता आलेलं नाही. आई विचारणाऱ्यांना सांगते, "ती एक्स-रे काढते." मग लोक मला गुडघ्याचे रिपोर्ट दाखवतात. पण आईचं उत्तर तसं खोटं नाही. मी धातूंचे अतिशय पातळ थर बनवते आणि त्यांच्यातून क्ष-किरण आरपार जाऊ देऊन त्यांच्या आतलं चुंबकत्व बघते. थर म्हणजे किती पातळ, तर अर्धा नॅनोमीटर कोबाल्ट, त्यावर एक नॅनोमीटर प्लॅटिनम, पुन्हा कोबाल्ट, पुन्हा प्लॅटिनम, अशी वीस वेळा चळत. सगळी चळत मिळून तीस नॅनोमीटर. केसाच्या जाडीच्या दोन हजारांश भागाहून कमी. निर्वात केलेल्या चेंबरमध्ये थोडा आर्गॉन सोडायचा, वीजदाब द्यायचा, की आत जांभळट प्रकाश पेटतो आणि कोबाल्टच्या तबकडीवरून अणू सुटून समोरच्या नमुन्यावर बसू लागतात. स्पटरिंग म्हणतात त्याला. चेंबरच्या काचेतून तो प्रकाश मी शेकडो वेळा पाहिला असेन, तरी पेटण्याच्या क्षणी हातातलं काम टाकून बघतेच. पावसाळ्याच्या तोंडाला समुद्रावर लांब कुठेतरी आवाज न होता वीज चमकते, त्या जातीचा रंग.

असा थर तयार झाला की त्याचं चुंबकन मोजायचं, म्हणजे त्याच्यातलं चुंबकत्व किती आणि कुठल्या दिशेला ते. कोबाल्ट-प्लॅटिनमची गंमत अशी की इतक्या पातळ थरात चुंबकन आडवं न झोपता उभं राहतं, एकतर वर बघतं नाहीतर खाली. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र आधी जोरदार, मग उलटसुलट करत हळूहळू कमी करत नेलं, की शेवटी मोजणारं यंत्र शून्य दाखवतं. वर नाही, खाली नाही, काही नाही. पहिल्या वर्षी मी वहीत त्या नमुन्यापुढे लिहिलं होतं, "चुंबकन संपलं." माझ्या सरांनी तो शब्द लाल पेनाने खोडून "एकूण चुंबकन शून्य" असं लिहिलं. मला तेव्हा ते शब्दांचं सोवळं वाटलं होतं.

१९०७ साली पिएर वाइस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक धाडसाची कल्पना मांडली. साधा खिळा दुसऱ्या खिळ्याला ओढत नाही, पण लोहचुंबक जवळ आणलं की त्याच्यात एकदम इतकी ताकद येते कुठून? वाइसचं म्हणणं, ती येत नाहीच, ती आत आहेच. लोखंडाचा कण न् कण पहिल्यापासून भरलेला आहे. फक्त आत मोहल्ले पडलेले आहेत. एका मोहल्ल्यातले सगळे एकीकडे तोंड करून, शेजारचे सगळे दुसरीकडे. बेरीज शून्य, पण कुठल्याही एका मोहल्ल्यात उभे राहाल तर तिथे काडीचीही कमी नाही. ह्या मोहल्ल्यांना आपण डोमेन म्हणतो. वाइसला एकही डोमेन दिसलं नव्हतं. १९१९ मध्ये हाइनरिश बार्कहाउझेनने लोखंडाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळून, त्यातली वीज वाढवून ऐकली, तेव्हा लोहचुंबक जवळ नेताना खरखर ऐकू आली; डोमेनांच्या सीमा झटक्याझटक्याने सरकत होत्या त्याचा तो आवाज. डोमेन आधी ऐकू आली आणि मग दिसली, हे मला फार आवडतं. १९३१ मध्ये फ्रान्सिस बिटरने घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी सोडली आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. भुकटी सीमांवर जाऊन रेषा धरून बसली होती. म्हणजे भाचा मांडवीवर जे करत होता तेच. त्याच्या काड्यापेट्यांतही मुख्यत्वे लोहाचं ऑक्साइडच आहे, मॅग्नेटाइट. आपल्या ह्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट पुष्कळ, पण ते साध्या चुंबकाला दाद देत नाही. दाढी होते ती मॅग्नेटाइटची.

भुकटी वरवरचं दाखवते. आत, थराच्या आरपार, आणि कोबाल्टचं काय चाललंय, लोखंडाचं काय चाललंय असं वेगवेगळं बघायचं तर क्ष-किरण लागतात. आणि साधे नव्हेत, फिरकी घेतलेले. प्रकाशाची लाट पुढे जाताना मळसुत्रासारखी उजवीकडे किंवा डावीकडे वळत जाऊ शकते. १९८७ मध्ये गिझेला श्युट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चुंबकीय लोखंड उजव्या फिरकीचे आणि डाव्या फिरकीचे क्ष-किरण सारखे शोषत नाही. तेव्हा मोजलेला फरक अगदी इवलासा होता. पुढे कळलं की क्ष-किरणांची ऊर्जा नेमकी निवडली, कोबाल्टसाठी ७७८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, लोखंडासाठी ७०७, तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो. १९९६ मध्ये बर्लिनच्या बेसी ह्या प्रकाशस्रोतावर क्ष-किरण सूक्ष्मदर्शकातून अशा रीतीने डोमेनांची चित्रं काढली गेली. मी त्या वर्षी शाळेत होते आणि आमच्या घरी नुकताच फोन आला होता.

मी स्वतः पहिल्यांदा डोमेन पाहिली तीही बर्लिनमध्येच, आडलर्सहोफ भागातल्या बेसी-२ वर. जानेवारी होता. दुपारी चारला अंधार, झाडं नुसती काटक्यांची, आणि मला वास कशाचाच येत नव्हता. कोकणातल्या माणसाला सगळ्यात आधी हेच खटकतं. आत मात्र रात्रंदिवस एकच दिवस. २४० मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात, वळताना क्ष-किरण सांडतात, आणि ते सांडलेले किरण टिपायला कड्याभोवती आमच्यासारखे लोक आपापली उपकरणं मांडून जागे असतात. पंपांची अखंड घरघर. पहिला दिवसभर ती छळते, मग ती थांबली तर दचकायला होईल अशी होऊन जाते, समुद्राजवळ राहणाऱ्यांना गाजेची होते तशी.

क्ष-किरणांना काचेचं भिंग चालत नाही. त्यांच्यासाठी झोन प्लेट असते, एकात एक गोल रेघा कोरलेली बारीक चकती, विहिरीत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखी. फक्त बाहेर जावं तशी वलयं जास्त जास्त जवळ येतात. सगळ्यात बाहेरचं वलय जितकं बारीक तितकं बारीक दिसतं; पंचवीस नॅनोमीटर म्हणजे चांगली. तिच्यापासून अवघ्या काही मिलिमीटरवर नमुना. आणि नमुना कशावर, तर सिलिकॉन नायट्राइडच्या शंभर नॅनोमीटर जाडीच्या पडद्यावर. अर्धा-एक मिलिमीटरची ती खिडकी उजेडात तिरकी धरली तर साबणाच्या फुग्यासारखी चमकते. चिमट्याचं टोक लागलं की गेली. आवाजसुद्धा होत नाही, नुसतं तिथे चौकोनी भोक दिसतं आणि तीन आठवड्यांचं काम खाली गेलेलं असतं. माझ्या हातून अशा तीन गेल्या आहेत. तिन्हींचे नमुना क्रमांक मला अजून पाठ आहेत.

त्या रात्री दोनच्या पुढे चौथी खिडकी आत गेली, निर्वात झालं, नमुना किरणासमोर आला. एका बाजूला पाच मायक्रोमीटर असलेला चौकोन, पंचवीस नॅनोमीटरच्या पावलांनी, म्हणजे दोनशे ओळी आणि प्रत्येक ओळीत दोनशे ठिपके. एका ठिपक्यावर पाच हजारांश सेकंद थांबायचं. साडेतीन मिनिटांत चित्र पूर्ण होतं, पण ते एकेक ओळ करत वरून खाली उतरतं आणि ती साडेतीन मिनिटं फार लांब असतात. पहिल्या वीस-पंचवीस ओळी करड्या. मग करड्यात काळपट काहीतरी वळलं. मग त्याच्या शेजारी पांढरट. चित्र अर्ध्यावर आलं तोवर पडदाभर चक्रव्यूह उमटला होता, काळ्या-पांढऱ्या वळणांचा, कुठे फाटा फुटलेला, कुठे एखादी वाट अचानक बंद झालेली, सगळ्या पट्ट्या जवळजवळ एकाच रुंदीच्या, शंभर नॅनोमीटरच्या आगेमागे. मध्यभागी धुळीचा एक कण होता, काळाकुट्ट. माझ्या सोबत्याने मग क्ष-किरणांची फिरकी उलटी केली आणि तोच चौकोन पुन्हा घेतला. साडेतीन मिनिटं. धुळीचा कण होता तिथेच, होता तसाच काळा. पण बाकी सगळं उलटं झालं होतं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, वळणात वळण तंतोतंत. धूळ ही धूळ असते, तिला उजवं-डावं कळत नाही. जे उलटलं तेच चुंबकन.

तोंडातून "अगो बाई" निघालं. तिथे कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही, पण सगळे हसले.

हाच तो नमुना, ज्याच्यापुढे यंत्राने शून्य दाखवलं होतं. मी त्या काळ्या पट्ट्यांवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर बोट फिरवत बसले, पडद्याच्या काचेवर. पांढरी पट्टी पूर्ण वर, काळी पट्टी पूर्ण खाली. मधली करडी, थकलेली, अर्धीमुर्धी अशी जागा कुठेच नव्हती; वरून खाली वळण्याची सीमा असते ती आमच्या एका ठिपक्यातच मावून जाते इतकी अरुंद. सरांनी लाल पेनाने खोडलेला शब्द मला त्या रात्री समजला.

त्यानंतर पहिल्यांदा रत्नागिरीला गेले तेव्हा न्हाणीमागच्या भिंतीपाशी थबकले. आमची ती भिंत गिलावा न केलेल्या चिऱ्यांची. जांभ्याचा चिरा तासला की आत काय दिसतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. तांबड्यात पिवळसर, पांढुरक्या वाटा वळत गेलेल्या, किड्याने पोखरल्यासारख्या, फाटे फुटलेल्या, सगळ्या साधारण बोटाएवढ्या. लहानपणी आंघोळीच्या पाण्याची वाट बघत उभी असताना मी त्या वाटांवरून बोट फिरवत खेळायची, आत शिरायचं आणि कुठेही बोट न उचलता दुसऱ्या टोकाला बाहेर यायचं. बर्लिनच्या पडद्यावरचा चक्रव्यूह एक लाख पटीने मोठा केला तर तो ह्या भिंतीवर चपखल बसेल. कारणं अर्थात निराळी. जांभ्यातल्या वाटा पावसाने युगानुयुगं दगड धुऊन केल्या. थरातल्या वाटा एका तडजोडीतून येतात. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड केलं तर बाहेर पसरणाऱ्या क्षेत्राची किंमत मोजावी लागते, आणि फार तुकडे केले तर प्रत्येक सीमेची किंमत पडते. दोन्ही खर्च मिळून जिथे कमीत कमी होतात तिथे पट्टीची रुंदी ठरते. नुसत्या दिसण्यावरून दोन गोष्टींना नातेवाईक करायचा मला कामातला राग आहे. तरी बोट मात्र त्या भिंतीवरून फिरलं, आणि ह्या टोकाने शिरून त्या टोकाने बाहेर आलं.

अण्णा गेले तेव्हा त्याच भिंतीच्या पलीकडून मी एक वाक्य ऐकलं होतं. तेराव्याची तयारी चालली होती. मागच्या पडवीत बायका तांदूळ निवडत होत्या आणि मी न्हाणीत तोंड धुवायला गेले होते. "शिकली, हिंडली, आणि दगड झाली," एक लांबची आत्या म्हणाली. "बापासाठी एक टिपूस नाही." ती वाईट बाई नव्हती. अण्णांना पेज भरवायला ती आली होती, मी आले नव्हते. तिने बाहेरून जे दिसलं ते सांगितलं. मला तेव्हा काय होत होतं, तर ह्या घरातून आता कधीच हलू नये असं, आणि त्याच क्षणी, तितक्याच जोराने, आत्ताच्या आत्ता स्टेशनवर जावं आणि मिळेल ती गाडी धरावी असं. अण्णांनीच मला बाहेर काढलं होतं, आणि अण्णांनीच प्रत्येक फोनच्या शेवटी विचारलं होतं, "मग येत्येस कधी?" मी तोंडावर पाणी मारत राहिले. पाणी न्हाणीच्या मोरीतून वाहून पोफळींकडे गेलं.

पुन्हा चकतीकडे येते.

गाडीत ती मांडीवर घेऊन मी हिशेब करत बसले. स्पीकरमधलं असं लोहचुंबक म्हणजे फेराइट, भट्टीत भाजून केलेलं. मी खापर म्हटलं ते तेवढ्यापुरतं खरं, ती मातीच्या भांड्यांचीच लांबची भावकी. साधारण साडेचारशे अंश सेल्सियसच्या वर त्यातलं चुंबकत्व खरोखर नाहीसं होतं. करवंट्यांचा निखारा त्याहून पुष्कळ तापतो. म्हणजे त्या रात्री, चुलीच्या पोटात, काही तास माझं वाक्य खरं होतं. कण न् कण विस्कटलेला, कुठलाही मोहल्ला नाही, वाइस म्हणाला तसलं काही नाही. पण मग आईने पाणी काढून घेतलं, लाकडं विझली, निखाऱ्यावर राख धरली, आणि चकती निवत निवत साडेचारशेच्या खाली आली. त्या घटकेला चुंबकत्व परत आलं. कुणी बोलावलं नाही, कुणी लोहचुंबक घासलं नाही. प्रत्येक कणात आपलं आपण, आणि जसजशी गार होत गेली तसतसं पहिल्याइतकं भरून. फक्त सगळ्यांनी एकीकडे बघावं असं सांगणारं तिथे कुणी नव्हतं. सकाळी भाच्याच्या हातातली चकती मी मेली म्हणाले तेव्हा ती पूर्ण भरलेली होती.

आणि सांगणारं अगदीच कुणी नव्हतं असंही नाही. पृथ्वी होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर साचत निवला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा उचलून ठेवली. त्या काळ्या फत्तराच्या बऱ्याचशा थरांत उत्तर-दक्षिण आजच्या उलटी सापडते, आणि त्या कणांचा कल बघूनच कळलं की आपली ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. पृथ्वीचा ओढा किती, तर स्पीकरच्या चुंबकापुढे काहीच नाही. इतका हलका की तो मोजायचा तर आजूबाजूला लोखंड चालत नाही. मुंबईच्या ट्राम विजेवर जायच्या ठरल्या तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप त्यांच्यामुळे बिघडणार म्हणून ते अलिबागला हलवलं, १९०४ मध्ये, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. कॉलेजात असताना आमची सहल तिथे गेली होती. त्या खोलीजवळ जायच्या आधी मी केसांतल्या पिना काढून मैत्रिणीच्या रुमालात बांधल्याचं आठवतं, आणि बाहेर समुद्र, आत इतकी शांतता की आपणच काहीतरी खोटं बोलतोय असं वाटावं.

प्रयोगशाळेत आल्यावर पहिली गोष्ट केली ती चकती मोजायची. मापकाचं टोक तिच्यावरून फिरवलं. आकडा शून्याच्या अगदी जवळ होता, पण शून्यावर नव्हता. एका बाजूला किंचित अधिक, उलटी केली की किंचित उणा. जुन्यातलं काही उरलं असेल, किंवा न्हाणीच्या चुलीत निवताना पृथ्वीने जाता जाता थोडंसं वळवलं असेल. मी ते वहीत लिहून ठेवलं, तारीख घालून, नीट.

"मशीनमध्ये बघ" एवढं मात्र मला जमण्यासारखं नव्हतं. माझे क्ष-किरण काही शे नॅनोमीटरच्या पलीकडे जात नाहीत. सेंटिमीटरभर जाडीच्या चकतीपुढे ते भिंतीला टेकलेल्या माणसासारखे. तिच्या आतली डोमेन मला कधी दिसणार नाहीत. ती तिथे आहेत हे मला थरावरून, त्या रात्रीवरून माहीत आहे, आणि मला वाटतं बघण्याचा एवढाच उपयोग असतो, की जिथे बघता येत नाही तिथेही मग नीट बोलावं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मोठा विद्युतचुंबक सुरू केला. त्याच्या वेटोळ्यांतून गार पाणी फिरतं, त्याची बारीक सळसळ होते. दोन ध्रुवांच्या मधल्या फटीत लाकडी पट्टीच्या आधाराने चकती बसवली आणि वीज हळूहळू वाढवत नेली. काहीच दिसत नाही, काही ऐकू येत नाही. पण आत काय होत असेल ते मला डोळे मिटून दिसत होतं. काळ्या पट्ट्या बारीक होत चाललेल्या, पांढऱ्या रुंदावत चाललेल्या, सीमा अडखळत, धक्के खात पुढे सरकणाऱ्या, एखादी काळी वाट सगळीकडून कोंडली जाऊन शेवटी टिंबाएवढी उरलेली आणि मग तेही नाही. क्षेत्र दीड टेस्लाला पोचल्यावर मिनिटभर थांबले. वीज शून्यावर आणली. पट्टी ओढली तर चकती येईना. ध्रुवाच्या लोखंडाला ती अशी बिलगली होती की दोन्ही हातांनी बाजूला सरकवत, कडेपर्यंत आणून, अंगठ्याने उचकटावी लागली. नखाखाली कळ आली. मी तिथेच स्टुलावर बसले आणि आत्ता लिहायला संकोच वाटत नाही म्हणून लिहिते, मला रडू आलं.

गणपतीला घरी गेले. चकती बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून नेली होती. गाडीत डबा बॅगेत उलटासुलटा झाला असणार. घरात शिरल्या शिरल्या भाच्याने विचारलं, "मशीनमध्ये बघितलंस?" मी म्हटलं, "आधी ऐक. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. ते मेलं नव्हतं." तो ऐकत होता की नाही कोण जाणे, त्याची नजर डब्यावर. हात मोदकाच्या पिठीने भरलेले म्हणून आईने तो मनगटांत धरून उघडायचा प्रयत्न केला, मग पदराने हात पुसून झाकण काढलं आणि आत डोकावली.

"अगो, हा रिकामाच आहे."

भाच्याने तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि उलटं केलं. चकती आतून झाकणाला चिकटून बसली होती. त्याने ती ओढली, आली नाही. पाय रोवून, झाकण पोटाशी धरून, दात आवळून पुन्हा ओढली, आणि सुटल्यावर तोल जाऊन मागे बसला. मग उठून सुतळी शोधायला लागला.